मामांच्या सुरीचा नंबर

तीर्थरूप मामा,

भिंगोबाचा वाकून नमस्कार. त्यातला निम्मा मामींना द्यावा. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुमचा डोळा कसा आहे? (एकाच डोळ्याची चौकशी केली म्हणून रागावू नका. दुसरा चांगला आहे, आणि चांगल्याची चौकशी कुणी करत नाही.) थेंब वेळेवर पडतात ना, की मामी बाटली घेऊन उभ्या राहतात आणि तुम्ही ऐन वेळी डोळा मिटता? नवा चष्मा कानामागे टोचत असेल तर रविवारी तपासणीला याल तेव्हा काडी जरा बाक देऊन ठीक करून देईन. तुम्ही स्वतः काही करू नका. मागच्या चष्म्याची काडी तुम्ही गॅसवर धरून वाकवली होती. तो चष्मा मी दुकानात जपून ठेवला आहे आणि काय करू नये हे गिऱ्हाइकांना सांगताना काढून दाखवतो. मामींचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हेही कळवा. चढताना कुरकुरला तर काळजी नाही, उतरताना कुरकुरला तर आहे, असं मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं अगदी उलट सांगितलं. तेव्हा एकूण तब्येत चांगलीच असणार असं धरून चालतो.

सुरी उत्तम आहे.

आता तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना भाच्याला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? मामा, फोनवर तुम्ही "हं" म्हणता. तुमच्या त्या एका "हं"पुढे माझं वाक्य जागच्या जागी बसतं, ते पुन्हा उठत नाही. पत्राचं तसं नाही. पत्रात तुम्ही कितीही वेळा "हं" म्हणालात तरी मला ऐकू येणार नाही, आणि मी शेवटापर्यंत बोलू शकेन. शिवाय नव्या चष्म्यानं वाचायचा सराव होईल. अक्षर मुद्दामच जरा मोठं काढलं आहे. बारीक अक्षर वाचायची वेळ पुढे येईल, पण ती जितकी उशिरा येईल तितकी बरी.

तर सुरीबद्दल. मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून तुम्ही आमच्याकडून घरी गेलात त्याच दिवशी ही सुरी ओट्यावर दिसली आणि मी लगेच फोन केला, की मामा, तुमची सुरी इथेच राहिली. त्यावर तुम्ही म्हणालात, "राहिली तर राहू दे. कोरडी पुसून ठेवायला सांग तिला. मी येतोच आहे महिन्यानं." एवढं बोलून फोन ठेवलात. आता बघा, दुसऱ्या कुणाची सुरी असती तर मी पुसून खणात ठेवली असती आणि विसरलो असतो. पण ही तुमची सुरी. तीस वर्षं बोटीवरच्या भटारखान्यात तुमच्या कमरेला होती. बोटीवरून तुम्ही कायमचे उतरलात तेव्हा एक पेटी, एक पोटदुखी आणि ही सुरी एवढंच बरोबर घेऊन आलात. लहानपणी तुमच्या घरी राहायला होतो तेव्हा मला सगळ्याला हात लावायची मुभा होती, तुमच्या रेडिओलासुद्धा. फक्त सुरीला नाही. ती भिंतीवरच्या खिळ्याला असायची आणि मी खालून बघायचो. मिठाच्या पाण्यात रात्रभर राहिली तरी डाग पडत नाही, असं तुम्ही सांगायचात, आणि मला ते खरं वाटायचं नाही. (खरं आहे. मी करून पाहिलं. बादलीत मीठ घालून ठेवली होती. रागावू नका, पुढे यापेक्षा मोठी कारणं आहेत.)

अशी ती सुरी, मिटायची सोय नाही, मूठ आणि पातं एकाच पोलादाचं, मुठीवर दोरी गुंडाळलेली, पहिल्यांदाच माझ्या हातात आली, आणि विचारायला घरात तुम्ही नाहीत. माणसानं काय करावं? मी ठरवलं, की मामा येतील तेव्हा त्यांना सुरी अशी धार लावून द्यायची, की त्यांनी म्हणावं, भाच्यानं नाव काढलं. हेतू इतका चांगला होता, की तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मी सुरी दिव्याखाली धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि चष्म्याची काच तपासतो तशी तिची धार तपासली. आणि मामा, मला धक्का बसला. मूठ आपल्याकडे आणि टोक समोर धरलं, तर धारेची उजवी बाजू साफ सपाट, म्हणजे आमच्या भाषेत शून्य नंबर. आणि डावीकडे मात्र उतार, तोही सणसणीत. एका डोळ्याला काही नाही आणि दुसऱ्याला मायनस सहा! घरातल्या सुऱ्या आठवून पाहिल्या. पाव कापायची दातेरी सुरी, तिचा उतार उजवीकडे. भाजीची सुरी, जिला मीच दुकानातल्या यंत्रावर दर दिवाळखोरीत, म्हणजे दर मंदीत, धार लावतो, तिचाही उजवीकडे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन मांडलेल्या सुऱ्या पाहून आलो. सगळ्यांचे उतार एक तर दोन्हीकडे, नाही तर उजवीकडे. डावीकडे एकही नाही. तेव्हा माझ्या मनात जो विचार आला तो लिहितो, आणि तो लिहिताना मला आत्ता पंख्याखाली घाम फुटतो आहे. मला वाटलं, मामांना मोतीबिंदू. बिचारे किती वर्षं धड दिसत नसताना दगडावर सुरी घासत बसले असतील, आणि कोणती बाजू घासतोय हेच त्यांना कळलं नसेल. सगळा जन्म उलट्या बाजूला धार लावली आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मी डोळे पुसले आणि तुमची सुरी सुलटी करायला घेतली.

आता एक सांगतो, आमचं काचा घासायचं यंत्र म्हणजे मोठं गुणी यंत्र. काच धरायची, चाक फिरतं, वरून पाण्याची बारीक धार पडते, आणि हव्या त्या कोनात कडा घासून मिळते. दिवसभर कोनांतच जगणाऱ्या माणसाला धारेचा कोन कुणी शिकवावा? मी सुरी धरली आणि चाक लावलं. असा आवाज झाला, की समोरच्या फुटपाथवरची दोन माणसं थांबून वर बघायला लागली, विमान आहे का म्हणून. ते पोलाद गंजत नाही म्हणजे नुसतं गंजत नाही असं नाही, मामा, ते ऐकतच नाही. चाक काचेसाठी केलेलं, त्याला पोलादाची सवय नाही. थोड्या वेळानं सुरीचं काहीच झालं नव्हतं आणि चाकाचे बारीक दात मात्र लोखंडी चिकट भुकटीनं लिंपून गेले होते. हे मला तेव्हा समजलं नाही. ते समजलं शाळेच्या मोठ्या बाईंचा चष्मा झाल्यावर. त्याची काच मी त्याच चाकावर घासून बसवली, बाई चष्मा लावून शाळेत गेल्या, आणि वर्गावर ओरडताना डाव्या डोळ्याची काच निसटून त्यांच्या चहाच्या कपात पडली. (वर्गात चहा प्यायचा नसतो हा नियम त्यांनीच केलेला आहे. त्यामुळे त्यांनी फार आरडाओरडा केला नाही, एवढाच काय तो दिलासा.) नवं चाक आणलं. त्याचा विषय नको.

पण हाती घेतलेलं काम मी सोडतो का? बुडत्याचा पाय खोलात. हार्डवेअरवाल्याकडून धार लावायचे दोन दगड आणले, एक खरखरीत आणि एक मऊ. ते पाण्यात भिजत घातले आणि आमच्या मागच्या गॅलरीत बसून कामाला लागलो. यात माझं डोकं चाललं ते कबूल करा: काचेवर मधोमध खूण करायला आमच्याकडे काळं पेन असतं, त्यानं मी धारेची उजवी बाजू सगळी रंगवली. मग दगडावर घासायची आणि बघायचं, काळं कुठे गेलं आणि कुठे राहिलं. जिथे राहिलं तिथे दगड लागला नाही. हिशोब सोपा. उजवीकडे नवा उतार काढायचा आणि डावीकडचा जुना उतार घासघासून सपाट करायचा, म्हणजे जवळजवळ नवीच धार. घासायला लागलं की पलीकडच्या बाजूला पोलादाची एक बारीकशी लव उठते, बोटाला टोचते पण डोळ्याला दिसत नाही, ती अलगद काढावी लागते. तुमच्या सुरीची लव भलतीच चिवट. इकडून काढली की तिकडे जाते, तिकडून काढली की इकडे येते. आमच्या जिन्यातलं मांजर असंच करतं.

धार लागली की नाही हे कसं बघायचं, तर हातावरचे केस निघतात का ते पाहायचं, असं मला माहीत होतं. निघाले. मग अजून चांगली लागली का म्हणून पुन्हा पाहिलं. तेही निघाले. अशा रीतीनं माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत साफ झाला आणि उजवा मात्र होता तसा राहिला. भर उन्हाळ्यात मी लांब बाह्यांचा शर्ट घालून दुकानात बसतो. एकदा विसरून बाही वर केली, तर एका गिऱ्हाइकानं हळूच आपला हात मागे घेतला आणि विचारलं, हे डॉक्टरला दाखवलंत का.

असो. सुरी झाली. कागद धरला तर आवाज न करता दोन तुकडे. मी ती पुसून, कोरडी करून, मोठ्या रुबाबात हिच्या हातात दिली आणि म्हटलं, कापून तर बघ.

आता इथे जरा मागे जावं लागेल. तुम्ही इथे होतात तेव्हा जेवणाला काकडीचे काप असायचे ते आठवतात का? इतके पातळ, की मी एक उचलून डोळ्यासमोर धरला आणि पलीकडचं कॅलेंडर वाचून दाखवलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, वा मामा, हात आहे! आणि तुम्ही नुसते हसलात. ते काप तुम्ही कापलेले नव्हते. हिनं कापलेले होते, तुमच्या सुरीनं. हे मला तेव्हा ना तुम्ही सांगितलंत ना हिनं. तुम्ही गेल्यावरही ही रोज त्याच सुरीनं कापत होती, आणि कापताना गुणगुणत होती. लग्न झाल्यापासून ही स्वयंपाकघरात गुणगुणलेली मी ऐकली नव्हती. मला वाटलं, पाहुणे गेल्याचा आनंद असेल. (तुम्ही पाहुणे नाहीत. पण कळलं ना?)

तर हिनं पाव घेतला, सुरी घेतली आणि कापला. काप वरून जाडजूड निघाला आणि खाली येईतो नुसता कागद. दुसरा कापला. तोही तसाच, फक्त आणखी तिरका. पाव असा झाला, की टेबलावर उभा राहीना. हिनं सुरी खाली ठेवली आणि तिरका काप माझ्या ताटलीत ठेवला. मामा, तुमचं "हं" परवडलं. मी म्हटलं, धार नवी आहे, सवय होईल. तर म्हणाली, "धारेचं नाही हो. ही सुरी आता आपल्या बाकीच्या सुऱ्यांसारखी झाली." आणि पाव बाजूला सारून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू माझ्या हाताला आली होती. तीसुद्धा तुम्ही तुमच्या हाताची करून टाकलीत."

तेव्हा, मामा, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही डावखुरे. ही डावखुरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. जेवायला बसलं की हिचं आणि माझं कोपर लागतं म्हणून आम्ही लग्नाच्या पहिल्या आठवड्यात खुर्च्या बदलल्या. तुमच्या डाव्या हातची चापट अजून माझ्या उजव्या गालाला आठवते. तरी सुरीला हात असतो हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. उजव्या हाताच्या माणसाला उतार उजवीकडे लागतो, डाव्याला डावीकडे. नाही तर सुरी आपल्या मनानं तिरकी पळते. तुमची सुरी अगदी बरोबर होती. मोतीबिंदूत तुम्ही जी धार लावलीत ती बरोबर, आणि मी दिव्याखाली, भिंग लावून, पेनानं रंगवून, जगातली सगळ्यात बरोबर सुरी चुकीची करून ठेवली. बरं, मी दिवसभर काय करतो? समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा माझ्या डावीकडे असतो, हे लक्षात ठेवून पोट भरतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहायला जरा जड जाते. पावाचे तिरके काप हिच्या माहेरापासून हिच्या नशिबी आहेत. आईची बोलणी, काकूंची बोलणी, आणि लग्नानंतर माझी थट्टा. मी चारचौघांत सांगायचो, की आमच्या घरी पाव उतारावर पिकतो. लोक हसायचे, हीसुद्धा हसायची. इतकी वर्षं दोष सुऱ्यांचा होता. त्यातल्या भाजीच्या सुरीचा उतार तर मीच यंत्रावर उजवीकडे पाडत होतो, घरच्या माणसाची काळजी म्हणून.

मला दोन भीती एकदम वाटायला लागल्या. एक, तुम्ही रविवारी येणार, सुरी मागणार, आणि मी तुमच्या डाव्या हातात उजवी सुरी ठेवणार. मला तुमच्या रागाची भीती नाही, मामा, तुम्ही रागावलात तर जेवणापर्यंत रागावता. पण तुम्ही काही न बोलता ती पुसून पेटीत ठेवून द्याल, ते मला सहन होणार नाही. आणि दुसरी भीती, की हिचं गुणगुणणं मी दगडावर घासून टाकलं. तेव्हा मी हिला म्हटलं, ही सुरी मी मामा यायच्या आत होती तशी करतो, शेंडी तुटो की पारंबी. ही म्हणाली, "तुम्ही नका करू. तुम्ही धरा, मी करते. हात माझा आहे."

तेव्हापासून आमच्या सकाळी गॅलरीत जातात. दगड टबात भिजलेला, मध्ये चहा. ही डाव्या हातानं सुरी धरते आणि घासते, मी कोन सांभाळतो. कोन चुकू नये म्हणून मी जुन्या नमुन्याच्या चष्म्यातल्या काचा एकावर एक चिकटवून पाचरीसारखा एक तुकडा केला आहे. तो पात्याखाली सरकवायचा, कोन बघायचा, काढायचा आणि घासायचं. (या कल्पनेबद्दल हिनं माझं कौतुक केलं. तोंडावर केलं. तारीख लिहून ठेवावी असं वाटलं.) आधी मी केलेला उजवीकडचा उतार घालवायचा होता, मग डावीकडे तुमचा परत आणायचा होता. काळं पेन पुन्हा कामाला आलं. पण नवराबायकोंनी मिळून एका दगडावर एक सुरी घासायची म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगू! "उचललीत!" "नाही उचलली!" "टोकाशी उचललीत, मला दिसलं." "आता दे माझ्याकडे." "नाही देणार, सोडा हात!" वरच्या मजल्यावरच्या काकूंना खालून रोज एवढंच ऐकू यायचं, आणि मधूनमधून पोलाद घासल्याचा आवाज. एका सकाळी आम्ही दोघंही एकदम गप्प झालो, कारण ती लव निघत होती आणि श्वास रोखायचा होता. तर जिन्यावर धावत पावलं आली, दार वाजलं आणि बाहेरून काकूंचा आवाज आला, "अहो, दोघेही आहात ना?" दार उघडलं तेव्हा हिच्या हातात सुरी. काकू दोन पायऱ्या मागे सरल्या. मग सगळं समजल्यावर घरी जाऊन आपल्या चारही सुऱ्या घेऊन आल्या. आता त्या रोज येतात, चहा पितात आणि उचलली की नाही यावर निकाल देतात. निकाल दर वेळी हिच्या बाजूनं लागतो.

आणि मामा, झाली! परवा हिनं पाव कापला. वरून खालपर्यंत एकसारखा काप. मग काकडी घेतली. मी एक काप उचलून डोळ्यासमोर धरला, आणि कॅलेंडरावरचा रविवार मला स्पष्ट दिसला. ही हसली, पुन्हा कापायला लागली, आणि थोड्या वेळानं गुणगुणायला लागली. मी दुकानात उशिरा गेलो. मला इतका आनंद झाला होता, की वाटेत भेटेल त्याला डावखुरे आहात का म्हणून विचारत होतो. एक जण निघाला. त्याला त्याची सुरी घेऊन घरी यायला सांगितलं आहे.

तेव्हा सुरी उत्तम आहे, हे मी वर लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. धार तुमच्या बाजूला, उतार तुमचा, डाग एक नाही. फक्त, एकदा त्या बाजूला आणि एकदा या बाजूला, असा दोनदा जन्म घेतल्यामुळे ती थोडी बारीक झाली आहे. आधी पातं दोन बोटं रुंद होतं. आता दीड आहे, मामींच्या बोटांनी मोजलं तर पावणेदोन. तुम्ही सुरी गंजत नाही एवढंच सांगितलं होतंत. झिजत नाही असं कधी बोलला नव्हतात.

रविवारी वाट पाहतो. गाडीत खिडकीशी बसू नका, वारं डोळ्याला लागेल. मामींना नमस्कार, तो निम्मा वरच पोचला असेल तर हा अख्खा त्यांचाच.

तुमचा,
भिंगोबा

ता. क. – चष्म्याच्या काचेवर जो लेप असतो तो नव्यात कधीकधी तपासावा लागतो. तेव्हा आपण येण्याआधी चष्मा टपालानं पाठवून द्यावा आणि आपण तसंच यावं. मी स्टेशनवर हात धरायला येईन. चष्मा सोमवारी, सुरी बघून झाल्यावर, परत मिळेल. पत्रात वाचलेलं माणूस विसरतो, डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही, म्हणून म्हटलं.

ता. क. दुसरा – वरचं सगळं लिहिलं पण ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. मामा, मला तुमच्याकडे एक मागायचं आहे आणि तोंडावर मागता येणार नाही. रविवारी सुरी परत नेऊ नका. तीस वर्षं तुमच्या कमरेला होती, तुमच्या हातची आहे, मला सगळं समजतं. पण हिच्या हातात ती असते तेव्हा ही वेगळीच असते. वाटलं तर बदल्यात जन्मभर चष्मे माझ्याकडून घ्या, मामींचेसुद्धा. जमत नसेल तर काही बोलू नका, सुरी उचला आणि न्या, मी समजेन. हिला यातलं काही माहीत नाही. हिला मी फक्त पाकिटावर तिकीट लावून पत्र पेटीत टाकायला देतो आहे.

ती. मामांना सा. नमस्कार. पाकीट मी चिकटवायच्या आधी उघडलं, कारण ते उघडंच होतं. दोन ओळी लिहिते.

तुम्ही सुरी विसरून गेला नव्हतात, हे मला त्याच दिवशी कळलं. विसरलेली सुरी कुणी धुऊन, पुसून, ओट्याच्या डाव्या अंगाला, मूठ माझ्या हाताशी येईल अशी ठेवत नाही. शिवाय "कोरडी पुसून ठेवायला सांग तिला" हा निरोप ह्यांना नव्हता. पहिल्या दिवशी ह्यांना सांगणार होते. पण ह्यांनी ती बिघडवून ठेवली, आणि मग वाटलं, माझी आहे म्हणून सांगितलं तर म्हणतील, असू दे, चालतंय की. मामांची आहे म्हणून सकाळी उठून घासायला बसले. माझ्याशेजारी इतका वेळ बसलेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चष्मा पाठवू नका, घालून या. काकडीचे काप बघायला लागेल. आणि आल्याआल्या सुरी मागा, जरा रागावूनच मागा. ती माझी आहे हे ह्यांना एवढ्यात सांगू नका. माझ्या कात्रीला अजून धार लावायची राहिली आहे.